कालच्या रात्रीचे चार ठिपके

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ग्रहांवरचा लेख वाचला. लेख चांगला होता, चित्रंही छान छापली होती. पण त्यातलं एक वाक्य मनाला लागून राहिलं. अवकाशयानं तिथवर पोचेपर्यंत इतर ग्रहांच्या चंद्रांविषयी माणसाला जवळजवळ काही ठाऊकच नव्हतं, असा त्याचा अर्थ होता. हे बरोबर नाही. १८०० साली आपला चंद्र धरून १४ चंद्र माणसाला माहीत होते. १९०० साल उजाडलं तेव्हा २२ होते. मधल्या शंभर वर्षांत आठ नवे चंद्र सापडले. त्यातले सात तर दुर्बिणीला डोळा लावून, थंडीत कुडकुडत, वहीत टिपून ठेवून शोधले गेले. आठवा फोटोच्या काचेवर सापडला. तोवर यान कुठलं, साधं विमानही उडालं नव्हतं.

पण केवळ चूक दाखवायला मी हे पत्र लिहीत नाही. मला आपल्याकडे एक मागणी करायची आहे. ती नीट समजावी म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मी डिचोलीत घड्याळं दुरुस्त करतो. चाळीसहून अधिक वर्षं हाच धंदा. डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा सरळ करण्यात आयुष्य गेलं. आकाशाशी माझी ओळखही धंद्यातूनच झाली. १९८८ साली तुळशीच्या लग्नाच्या सुमारास आगबोटीवर नोकरी करणारे बार्देशातले एक गृहस्थ आपली दुर्बीण घेऊन दुकानात आले. दहा पटीची, पन्नास मिलिमीटर भिंगाची, दोन डोळ्यांची. गोव्याच्या पावसाने तिच्या भिंगांना आतून बुरशी धरली होती, कोळ्याच्या जाळ्यासारखी. शिवाय कधीतरी पडल्यामुळे आतला एक प्रिझम सरकला होता, त्यामुळे एकाच्या दोन वस्तू दिसत. मी ती खोलली, पुसली, प्रिझम जागेवर बसवला. आता दोन्ही डोळ्यांची चित्रं एकावर एक बसतात की नाही हे तपासायला लांबचा बारीक दिवा लागतो. आधी खाणीच्या डोंगरावरचा दिवा धरला, पण तो मोठा पडला. मग पूर्वेकडे कृत्तिकांच्या खाली, रोहिणीच्या अलीकडे एक झगझगीत तारा होता, तो धरला.

तारा ठिपक्यासारखा न दिसता वाटाण्यासारखा गोल दिसला आणि त्याच्या दोन्ही अंगांना एका रेषेत बारीक ठिपके. माझ्या मनात पहिला विचार आला तो, प्रिझमला टवका उडाला असणार. घड्याळजीला आधी आपल्याच कामाचा संशय येतो. मी दुर्बीण हातात हळूहळू फिरवली. दोष काचेत असता तर ठिपके दुर्बिणीबरोबर फिरले असते. ते जागचे हलले नाहीत. दुसऱ्या रात्री पुन्हा पाहिलं तर एक ठिपका या बाजूचा त्या बाजूला गेलेला. तो तारा नव्हता, गुरू होता, आणि ते ठिपके त्याचे चंद्र. गिऱ्हाइकाला दुर्बीण चार दिवस उशिरा दिली. त्यांनी कारण विचारलं तेव्हा खरं काय ते सांगितलं आणि त्यांनाही दाखवलं. आयुष्यभर समुद्रावर राहिलेला तो माणूस बराच वेळ दुर्बीण डोळ्यांवरून काढीना.

पुढे मी स्वतःची तशीच एक दुर्बीण घेतली. आजही ती दुकानाच्या ड्रॉवरमध्ये असते. आमच्या वाड्यावरची सहावीतली एक मुलगी गेल्या हिवाळ्यात घड्याळाचा सेल बदलायला आली आणि दुर्बीण पाहून थांबली. तिला संध्याकाळी घराच्या सोप्यावर नेऊन, कोपर कठड्याला टेकवून, गुरू दाखवला. तेव्हापासून ती रोज येते, पाहते, आणि चौकटीच्या वहीत मधोमध एक गोल काढून दोन्हीकडे टिंबं मांडते. तारीख आणि वेळ लिहिते. तेवढी शिस्त मी तिला लावली आहे. एका रात्री तिला तीनच दिसले. तिने दुर्बीण पुसली, पुन्हा पाहिलं आणि मला म्हणाली, "काका, चवथें खंय गेलें?"

चौथा गुरूच्या मागे गेला असेल, समोरून सरकत असेल, नाहीतर त्याच्या सावलीत बुडाला असेल. कधी चंद्र गुरूला इतका चिकटून असतो की लखलखाटात वेगळा दिसतच नाही. यांतलं नेमकं काय, आणि दिसले ते तीन कोणते, हे ती कुठे ताडून पाहणार? मोबाईलवर सगळं मिळतं, हे मला ठाऊक आहे. पण तिच्याकडे मोबाईल नाही, आणि असता तर मला निराळीच काळजी वाटली असती. तिने आधी मोबाईल पाहिला असता, मग आकाश.

म्हणून माझी मागणी अशी. आपण रोजच्या अंकात तिथी, सूर्योदय, सूर्यास्त आणि भरती-ओहोटीच्या वेळा छापता. त्यांच्या खाली एका ओळीची जागा गुरूच्या चार चंद्रांना द्यावी. मधोमध गुरूचं टिंब, दोन्ही बाजूंना १ ते ४ आकडे, एका टोकाला पूर्व आणि दुसऱ्या टोकाला पश्चिम. बस एवढंच. पण एक अट आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. ही स्थिती आजच्या रात्रीची नसावी, कालच्या रात्रीची असावी. शब्दकोड्याचं उत्तर आपण दुसऱ्या दिवशी छापता ना, तसं.

आधी छापलं तर पोरं आकाशात जे आहे ते न काढता कागदावर जे आहे ते काढतील. पोरंच कशाला, मोठीही तेच करतात. एकोणिसाव्या शतकात किती मोठमोठ्या माणसांच्या हातून हे झालं, ते पाहिलं की माझं म्हणणं पटेल.

विल्यम हर्शल यांच्यासारखा निरीक्षक विरळा. १७८१ साली त्यांनी युरेनस शोधला, १७८७ साली त्याचे दोन चंद्र. हे दोन्ही चंद्र खरे होते. पण १७९८ साली त्यांनी आणखी चार जाहीर केले, आणि ते चारही नव्हतेच. मंद तारे ग्रहाजवळ दिसले की ते चंद्र वाटायचे. पण नाव हर्शलचं, त्यामुळे पन्नासेक वर्षं पुस्तकांतून युरेनसला सहा चंद्र दिले जात. शेवटी १८५१ साली विल्यम लॅसेल यांनी युरेनसचे आणखी दोन चंद्र पकडले, एरियल आणि अंब्रिएल, आणि सांगितलं की चंद्र चारच आहेत, जुने दोन आणि हे दोन. बाकीचे कुठे दिसत नाहीत.

हे लॅसेल म्हणजे लिव्हरपूलचे बिअर गाळणारे धंदेवाईक. आपल्याकडे काजूची भट्टी लावणारा जसा माणूस असतो, तसाच धंदा, फक्त मोठा. त्या पैशातून त्यांनी दुर्बिणी बनवल्या. विकत घेतल्या नाहीत, बनवल्या. दोन फूट व्यासाचा धातूचा आरसा वाफेच्या यंत्रावर घासून, पॉलिश करून. पॉलिश म्हणजे काय हे मला थोडंफार कळतं. शेवटचा हात फिरवताना पृष्ठभाग जरा जास्त खाल्ला गेला की आधीचं सगळं फुकट. लिव्हरपूलच्या धुरकट हवेला कंटाळून १८५२ साली त्यांनी हा डोलारा थेट माल्टाला नेला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात दुपटीच्या आरशाची दुर्बीण घेऊन ते पुन्हा माल्टाला राहिले. नेपच्यूनचा ट्रायटन हा चंद्रही त्यांनीच १० ऑक्टोबर १८४६ रोजी पाहिला. नेपच्यून सापडून तेव्हा जेमतेम १७ दिवस झाले होते.

नेपच्यूनची गोष्ट तर माझ्या मागणीसाठीच घडली असावी असं मला वाटतं. युरेनस गणिताप्रमाणे चालत नव्हता. त्याच्या पलीकडे कोणीतरी त्याला ओढतोय असं धरून फ्रान्समध्ये ल व्हेरिए आणि इंग्लंडमध्ये अ‍ॅडम्स यांनी त्या न दिसलेल्या ग्रहाची जागा काढली. केंब्रिजला जेम्स चॅलिस हे १८४६ च्या उन्हाळ्यात आकाशाच्या त्याच भागातले तारे एकेक करून टिपत होते. ऑगस्टमध्ये ४ तारखेला आणि १२ तारखेला त्यांनी नेपच्यून टिपलासुद्धा. वहीत त्याची जागा लिहिली. पण एका पानाशी दुसरं पान वेळेवर ताडून पाहिलं नाही, त्यामुळे तो ठिपका हलला आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

बर्लिनला ल व्हेरिए यांचं पत्र २३ सप्टेंबरला पोचलं. त्याच रात्री तिथल्या वेधशाळेतले गाले दुर्बिणीवर बसले. डारेस्ट नावाचा तरुण विद्यार्थी त्यांच्याबरोबर होता. त्याने सुचवलं की त्या भागाचा नवा छापील नकाशा आहे, त्याच्याशी एकेक तारा ताडू. गाले दुर्बिणीतून तारे सांगत गेले, डारेस्ट नकाशावर बोट ठेवत गेला. थोड्याच वेळात एक तारा असा आला की तो नकाशात नव्हता. ल व्हेरिए यांनी सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्याही आत, म्हणजे पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारी ठेवले तर जेवढं अंतर होईल तेवढ्यात. दुर्बिणीइतकाच छापील कागद कामाला आला. आधी डोळ्याने पाहिलं, मग कागदावर ताडलं. या क्रमाला मी फार मानतो.

उलट क्रमाचं उदाहरण हवं असेल तर मंगळाचं आहे. १८७७ साली मिलानला स्कियापारेल्ली यांनी मंगळावर सरळ रेषा पाहिल्या आणि त्यांना इटालियन भाषेत जो शब्द वापरला त्याचे 'कालवे' झाले. एकदा कालवे म्हटल्यावर ज्याला त्याला कालवे दिसू लागले. १८९४ साली अमेरिकेत लोवेल यांनी तर त्यासाठी वेधशाळाच उभारली. त्याच वर्षी लिक वेधशाळेच्या त्याहून मोठ्या दुर्बिणीतून बर्नार्ड यांनी मंगळ पाहिला. त्यांना तिथे बारीक बारीक कितीतरी गोष्टी दिसल्या, पण त्या सरळ रेषा दिसल्या नाहीत. त्यांनी जे दिसलं तेच सांगितलं.

हे बर्नार्ड कोण? नॅशव्हिल गावात बाप नसलेल्या गरीब घरातला मुलगा. नवव्या वर्षी फोटो स्टुडिओत कामाला लागला. ९ सप्टेंबर १८९२ रोजी त्यांनी गुरूचा पाचवा चंद्र पाहिला, अमाल्थिया. गॅलिलिओने चार चंद्र पाहिले त्यानंतर २८२ वर्षांनी. पहिले चार कोणालाही दहा पटीच्या दुर्बिणीत दिसतात, हा पाचवा लिक वेधशाळेच्या छत्तीस इंची भिंगातूनही दिसेना, कारण तो गुरूला खेटून फिरतो आणि गुरूच्या तेजात हरवतो. बर्नार्ड यांनी गुरू दृष्टीच्या बाहेर झाकून ठेवला आणि शेजारच्या अंधारात पाहिलं. दुर्बिणीला डोळा लावून सापडलेला हा शेवटचा चंद्र. त्यानंतर १८९९ साली पिकरिंग यांनी शनीचा फीबी शोधला, पण तो पेरू देशातल्या अरेकिपा इथे आदल्या वर्षी घेतलेल्या काचेच्या फोटोप्लेटांवर. तिथून पुढे डोळ्याचं काम प्लेटकडे गेलं.

बर्नार्ड यांच्या पंधरा वर्षं आधी मंगळाचे दोन चंद्र सापडले तेही ग्रह दृष्टीबाहेर ठेवण्याच्या याच युक्तीने. १८७७ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला असाफ हॉल नावाचे एक गणिती होते, लहानपणी सुताराकडे उमेदवारी केलेले. २६ इंची भिंगाच्या दुर्बिणीने ते मंगळाच्या अगदी जवळ शोधत होते. मंगळ नजरेच्या काठाबाहेर सरकवायचा आणि उरलेल्या काळोखात चाचपायचं. बरेच दिवस काही मिळेना. नाद सोडावा असं त्यांच्या मनात आलं तेव्हा बायकोने, अँजेलिन स्टिकनी यांनी, त्यांना पुन्हा पाठवलं. त्या स्वतः पूर्वी गणिताच्या शिक्षिका होत्या. ११ तारखेच्या रात्री अडीचच्या सुमारास एक पुसट ठिपका दिसला. त्याची जागा टिपून होते न होते तोच पोटोमॅक नदीवरून धुकं आलं आणि सगळं संपलं. मग काही दिवस ढग. १६ तारखेला तो पुन्हा दिसला आणि मंगळाबरोबरच सरकतोय हे कळलं. १७ ला त्याची वाट पाहत असताना आतला दुसराही सापडला. ती नदी, ते धुकं, ती अडीचची वेळ हे वाचताना मला दरवेळी आमची डिचोलीची नदी आठवते. आज फोबोसवरच्या सगळ्यांत मोठ्या विवराचं नाव स्टिकनी आहे.

आता थोडं माझ्या धंद्याच्या भाषेत. फोबोस मंगळाभोवती ७ तास ३९ मिनिटांत फिरतो आणि मंगळ स्वतःभोवती २४ तास ३७ मिनिटांत. म्हणजे मंगळावर उभं राहिलं तर तो पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळताना दिसेल. गुरूचे तर काय सांगावं! आतले तीन चंद्र असे फिरतात की पहिल्याच्या चार फेऱ्यांत दुसऱ्याच्या जवळजवळ दोन आणि तिसऱ्याची एक. जणू एकमेकांत अडकलेली दातेचक्रं. हे का टिकतं याचं गणित फ्रान्सच्या लाप्लास यांनी मांडलं. त्यातूनच हेही निघतं की हे तिघे कधीच एकाच वेळी गुरूच्या एका बाजूला एका रांगेत येत नाहीत.

ते मला करून पाहायचं होतं. जुन्या गजराच्या घड्याळाचं यंत्र घेतलं, कारण ते आडवं ठेवलं तरी चालतं, लंबकाचं चालत नाही. पहिल्या चंद्राची, आयोची, ताऱ्यांच्या हिशेबाने एक फेरी ४२ तास २७ मिनिटं ३४ सेकंदांची. तास काटा १२ तासांत फिरतो. बरेच दिवस आकडेमोड करून १३ दात्यांचं पिनियन, म्हणजे लहान दातेचक्र, आणि ४६ दात्यांचं चाक अशी जोडी मिळाली. तिने फेरी ४२ तास २७ मिनिटं ४२ सेकंदांची होते, म्हणजे फेरीमागे ८ सेकंदांचा फरक. १३ दात्यांचं पिनियन बाजारात कुठे मिळणार? पितळेच्या तुकड्यातून कानशीने घासून काढलं. मधोमध गुरू म्हणून पितळी बटण आणि प्रत्येक चंद्रासाठी एक मणी. दुसरा आणि तिसरा मणी दुपटी-दुपटीने लावला. चौथा या हिशेबात बसत नाही, तो मी रोज हाताने सरकवतो. खऱ्या चंद्रांची दुप्पट अगदी नेमकी नाही, त्यामुळे दुसरा मणी दिवसाला एक तृतीयांश अंशाहून थोडा जास्त पुढे जातो आणि तीन महिन्यांत तीस अंशांवर चुकतो. मग चाकं सोडवून पुन्हा लावायची. आणि बर्नार्डचा पाचवा? त्याची फेरी ११ तास ५७ मिनिटांची. त्याचा मणी मी सरळ तास काट्यालाच चिकटवला आहे.

हे घड्याळ दुकानात टेबलावर आडवं असतं. वरून पाहिलं तर मणी गोल फिरतात. ती मुलगी मात्र खाली बसते, हनुवटी टेबलाच्या कडेला टेकवते आणि एक डोळा मिटून कडेने पाहते. मग सगळे मणी एका ओळीत येतात, कोणी डावीकडे, कोणी उजवीकडे, कोणी पितळी बटणाच्या मागे दडलेला. आपण पृथ्वीवरून गुरूकडे असंच कडेने पाहतो. हे मी तिला सांगितलेलं नाही, तिने मला सांगितलं.

घड्याळाचं आणि या चंद्रांचं नातं जुनं आहे. गुरूचा चंद्र सावलीत शिरतो तो क्षण जगात सगळीकडून एकच. त्या क्षणी आपल्या गावची वेळ किती, आणि पंचांगात दिलेली ग्रिनिचची वेळ किती, यांच्या फरकावरून गावचे रेखांश निघतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासच्या वेधशाळेत गोल्डिंगहॅम यांनी अशाच ग्रहणांवरून मद्रासचे रेखांश काढले. पुढे देशभरच्या रेल्वेगाड्या मद्रासच्या वेळेवर धावल्या.

त्याच मद्रासच्या वेधशाळेत चिंतामणी रघुनाथाचारी नावाचे भारतीय निरीक्षक होते. १८६७ साली त्यांनी एक रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणारा, तारा शोधला. १८७४ साली शुक्र सूर्यावरून जाणार होता, तर लोकांना काय पाहायचं ते कळावं म्हणून त्यांनी भारतीय भाषांतून पुस्तिका काढल्या. शिवाय प्रत्यक्ष वेधांशी जुळणारं दृग्गणित पंचांग चालवलं. आपल्या मराठीतही हे झालं आहे. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत छापली, युरोपातल्या नव्या गणिताच्या आधाराने. पंचांगात लिहिलेला ग्रह आणि आकाशात दिसणारा ग्रह एकाच जागी असावा, एवढाच त्यांचा आग्रह होता. त्यावरून केवढे वाद झाले! पुढे पटवर्धनी पंचांग त्यातूनच आलं.

त्या काळाची खूण आजही आपल्या अंकात असते, आपल्या लक्षात येत नाही इतकंच. आठवड्याच्या भविष्यात 'हर्षल' असा एक ग्रह असतो. मुलीने मला विचारलं होतं, हे तर मुलाचं नाव, ग्रहाचं कसं? हर्षल म्हणजे हर्शल, तोच शोधणारा माणूस. तेव्हा या ग्रहाला काय म्हणावं यावर जगाचं एकमत नव्हतं. इंग्लंडच्या नाविक पंचांगात १८५० पर्यंत राजाच्या नावावरून 'जॉर्जियन' लिहीत, काही देशांत 'हर्शल' म्हणत, जर्मनीत 'युरेनस'. शेवटी जगाने युरेनस घेतलं. मराठीने मात्र हर्षल हे नाव टाकलं नाही. मला याचा अभिमान वाटतो. दर आठवड्याला हर्षल छापणाऱ्या वर्तमानपत्रात गुरूच्या चंद्रांना एक ओळ मिळू नये, असं कसं होईल?

कोणी म्हणेल की दिव्यांच्या उजेडात आता आकाश कुठे दिसतं. खरं आहे, पणजीतून आकाशगंगा दिसत नाही, डिचोलीतूनही आता दिसत नाही. पण गुरूला त्याचं काही नाही. तो मांडवीकाठच्या झगमगाटातूनही दिसतो आणि त्याचे चंद्रही दिसतात. दुर्बीण मोठी लागत नाही, फक्त हात स्थिर हवा. कठडा, गाडीचं टप, नारळाचं झाड, कशालाही टेकवली तरी चालेल. गोव्यात ज्या घरातला माणूस बोटीवर होता, त्या घराच्या कपाटात अशी दुर्बीण असण्याची शक्यता आहे. बुरशी धरली असेल तर माझ्याकडे आणावी. दुर्बीण जर मुलासाठी असेल तर साफ करण्याचे पैसे मी घेणार नाही.

आपल्या कचेरीवर बोजा पडू नये म्हणून पुढच्या महिन्याचा तक्ता या पत्रासोबत जोडला आहे, रोज रात्री आठची स्थिती, छत्तीस अक्षरांच्या आत बसेल अशी. तो मी माझ्या मण्यांवरून केलेला नाही, प्रसिद्ध गणितावरून केला आहे आणि दोनदा तपासला आहे. आपण होकार दिलात तर दर महिन्याच्या २० तारखेला पुढचा तक्ता आणून देईन. मानधन नको. गुरू पहाटे दिसत असेल त्या महिन्यांत रात्री आठऐवजी पहाटे पाचची वेळ धरीन. तो सूर्याच्या जवळ जाऊन दिसेनासा होतो ते काही आठवडे, आणि मृगापासून चतुर्थीपर्यंतचे पावसाचे दिवस, ही ओळ वगळायला हरकत नाही. मात्र चतुर्थीनंतर आकाश उघडलं की लगेच सुरू करावी, कारण मुलीने नवी वही आणून ठेवली आहे.

आपला,
घड्याळ दुरुस्त करणारा एक जुना वाचक,
डिचोली, गोवा